ससाण्याच्या तीन पिढ्या

बालमित्रांनो, मोटारसायकल दिसली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला : "किती पळते?" याच प्रश्नापायी जपानमधल्या दोन कंपन्यांत कशी चुरस लागली, ते ऐका.

१९९६ साली होंडाने 'सुपर ब्लॅकबर्ड' ही अतिवेगवान गाडी काढली. ब्लॅकबर्ड म्हणजे कस्तूर पक्षी. १९९९ मध्ये सुझुकीने तिला मागे टाकणारी गाडी आणली आणि नाव ठेवलं 'हायाबुसा'. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा, छोट्या पक्ष्यांचा शिकारी! सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. आहे की नाही खोडी?

गाडी दिसायला मात्र फुगीर नाकाची, पाठीवर कुबड आलेली. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण ते रूप वाऱ्यासाठी होतं. समोरून वारा असला की सायकल मारताना कसा दम लागतो, आठवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि इंजिनाला ताकद लागते आठपट! म्हणून नुसतं १,२९९ सीसीचं इंजिन पुरेसं नव्हतं. अंगही गुळगुळीत, गोलसर हवं होतं. गाडी ३०० च्या पुढे गेली. म्हणजे एका सेकंदात क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या मागे!

आता एवढ्या वेगात समोर कुणी आलं तर? युरोपात अशा गाड्यांवर बंदी येईल, अशी धास्ती कंपन्यांना वाटू लागली. मग २००० च्या सुमारास त्यांनी आपसांत समजूत केली, की २९९ च्या पुढे जायचं नाही. (३०० ला एकच कमी! दुकानातली ९९ रुपयांची पाटी आठवली ना?)

आपल्याकडे ही गाडी घरोघर माहीत झाली ती २००४ च्या 'धूम' सिनेमामुळे. ती पहिल्या पिढीची. दुसरी आली २००८ साली, १,३४० सीसीची, १९७ अश्वशक्तीची. तिला २०१३ मध्ये एबीएस मिळालं. करकचून ब्रेक दाबला, की चाक जागीच अडकतं आणि गाडी घसरते. एबीएस ब्रेकला क्षणाक्षणाला सोडतं-धरतं, त्यामुळे चाक फिरत राहतं.

२०२१ च्या तिसऱ्या पिढीत गंमतच झाली. धुराचे नियम कडक झाले होते. ताकद वाढण्याऐवजी १९० वर उतरली! पण कमी वेगातली ओढ सुधारली, आणि वळणावर गाडी किती कलली आहे हे ओळखून ब्रेकचा जोर सांभाळणारी यंत्रणा आली. मला विचाराल तर तिघींत हीच शहाणी.

वजन मात्र पेट्रोलसकट २६४ किलो. तुमच्या पाचवीच्या वर्गातली आठ-नऊ मुलं तराजूत बसवा, म्हणजे अंदाज येईल!