चिमणीचा धूर : मानके केंद्राची, जबाबदारी राज्याची

चंद्रपूर शहरालगत दुर्गापूर येथे असलेल्या महाऔष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये कार्यान्वित झाला. आज २१० मेगावॉटचे दोन आणि ५०० मेगावॉटचे पाच संच मिळून या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. ही वीज साऱ्या राज्याला मिळते. राख आणि धूर मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येतो. या धुरावर मर्यादा घालण्याचा अधिकार कोणाचा, केंद्राचा की राज्याचा, असा प्रश्न या परिसरातील नागरिकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

राज्यघटनेतील तरतूद

घटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी व सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यसूचीत, तर वीज समवर्ती सूचीत आहे. पर्यावरण हा विषय मात्र कोणत्याही सूचीत स्वतंत्रपणे नमूद केलेला नाही. पाणी हा राज्याचा विषय असल्यामुळे १९७४ चा जल प्रदूषण कायदा संसदेने राज्य विधिमंडळांच्या ठरावांच्या आधारे केला. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, १९६९ मध्ये, स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले होते. हवेच्या बाबतीत निराळा मार्ग अवलंबिण्यात आला. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णयांच्या अंमलबजावणीसाठी संसदेने १९८१ चा वायू प्रदूषण कायदा केला. भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने केंद्राला देशभर मानके ठरविण्याचे व्यापक अधिकार दिले.

कामाची विभागणी

या कायद्यांनुसार देशासाठी किमान मानके केंद्र ठरविते. उद्योगास संमतिपत्र देणे, तपासणी करणे, नमुने घेणे आणि कारवाई करणे ही कामे राज्य मंडळाकडे आहेत. स्थानिक हवेची वा पाण्याची स्थिती पाहून आणि कारणे लेखी नमूद करून राज्य मंडळ अधिक कडक मानके लावू शकते. केंद्राची मानके सैल करण्याचा अधिकार मात्र त्यास नाही. राज्य शासनाचा निर्देश केंद्रीय मंडळाच्या निर्देशाशी विसंगत ठरल्यास अंतिम निर्णय केंद्र सरकार देते.

मानके आणि मुदती

औष्णिक केंद्रांसाठी केंद्राने ७ डिसेंबर २०१५ रोजी नवी मानके जाहीर केली. ५०० मेगावॉट व त्यावरील जुन्या संचांच्या धुरात दर घनमीटरमागे गंधकाचा वायू २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, असे त्यांत म्हटले होते. त्याहून लहान जुन्या संचांस ही मर्यादा ६०० मिलिग्रॅम होती. पूर्ततेसाठी आरंभी दोन वर्षे देण्यात आली. नंतर ही मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन वर्ग पाडण्यात आले. अतिप्रदूषित क्षेत्रापासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे मधल्या वर्गात आली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तिसऱ्या वर्गातील केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास, गंधक वायूच्या मानकातून सूट दिली. मधल्या वर्गाचा निर्णय प्रत्येक केंद्राची स्थिती पाहून घ्यावयाचा आहे.

चंद्रपूरच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. केंद्रीय मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले व देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचा क्रमांक चौथा लागला. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या प्रकल्पांच्या मंजुऱ्या केंद्राने काही काळ स्थगितही केल्या होत्या.

राज्याची दुहेरी भूमिका

येथे एक अवघड बाब ध्यानात घ्यावी लागते. वीज केंद्र चालविणारी महानिर्मिती कंपनी राज्याची आणि तिच्यावर देखरेख ठेवणारे मंडळही राज्याचेच. धूर शुद्ध करणारी यंत्रसामग्री खर्चिक असते व तो भार अखेर वीजदरात उतरतो. ती न बसविल्यास भार श्वासावर पडतो. हा हिशेब एकाच घरात मांडला जात असल्यामुळे केंद्राची किमान मर्यादा आवश्यक ठरते. तथापि, ती मर्यादाच शिथिल झाली, तर अधिक कडक मानके लावण्याचा राज्याचा अधिकार हाच नागरिकांचा आधार उरतो.

१९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यालाही हे सूत्र लागू आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत आली आणि १९८० च्या कायद्याने वनजमीन अन्य कामास देण्यापूर्वी केंद्राची संमती आवश्यक झाली. खाणी व कारखान्यांची पावले या वनप्रदेशाकडे वळत असताना पर्यावरणविषयक जनसुनावणी राज्य मंडळामार्फतच होते. कोणता अधिकार कोणाकडे आहे हे ठाऊक असलेला ग्रामस्थ तेथे योग्य प्रश्न योग्य यंत्रणेला विचारू शकतो. कायद्याने दिलेले अधिकार कागदावरून गावापर्यंत पोहोचण्याची सुरुवात त्या प्रश्नापासूनच होते.