दांडगी मुले आणि दंडविधान

पालकसभेत, चाळीच्या गच्चीवर, किंवा पाळी सुटल्यावर कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या चारचौघांत हा प्रश्न आता वरचेवर निघतो: दुबळ्या मुलाला छळणाऱ्या दांडग्या पोराला फौजदारी शिक्षा व्हावी की नाही? बोलणाऱ्यांचे बहुधा दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरे ती, भांडायचीच. आम्ही नाही का मार खाल्ला? दुसरा म्हणतो, चार महिने गजाआड घाला म्हणजे सुतासारखी सरळ होतील. गंमत अशी की पहिल्या तटातल्या माणसाचे पोर मार खाऊन घरी आले की तो त्याच रात्री दुसऱ्या तटात जातो, आणि दुसऱ्याचे पोर मारणारे निघाले की तो पहिल्या तटात येऊन बसतो. हे आम्ही थट्टेने लिहीत नाही. आम्ही स्वतःही असे एकदा केले आहे. ते पुढे येईलच.

प्रथम दांडगाई म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण तिची आणि मारामारीची गल्लत फार होते. बरोबरीची दोन पोरे भांडली, एकाचा सदरा फाटला, दुसऱ्याचे नाक फुटले, ही मारामारी. ती संध्याकाळपर्यंत विरते. परंतु एकाच्या अंगात बळ अधिक, किंवा त्याच्यामागे टोळके, किंवा जातीचा, पैशाचा, बापाच्या हुद्द्याचा आधार, आणि दुसऱ्याला उलटून बोलण्याची सोय नाही, अशा स्थितीत तोच तोच छळ दिवसामागून दिवस चालतो, ती दांडगाई. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आपल्याकडे कोणत्याही मानसशास्त्राच्या आधीपासून आहे. नॉर्वेत डॅन ओल्वेउस नावाच्या अभ्यासकाने हीच लक्षणे शास्त्राच्या भाषेत मांडली: हेतूने दिलेला त्रास, तो पुनःपुन्हा, आणि बळातली विषमता. त्या देशात १९८२ साली छळाला कंटाळून मुलांनी जीव दिले, आणि १९८३ पासून सरकारने देशभर मोहीम काढली. तिचा भर तुरुंगावर नव्हता. मधल्या सुटीत मैदानावर मोठ्या माणसाने हजर राहावयाचे, वर्गाने नियम ठरवावयाचे, छळणाऱ्याशी आणि त्याच्या आईबापांशी समक्ष बोलावयाचे, असे तिचे साधे स्वरूप होते.

आता आपला कायदा. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे. सात ते बारा वर्षांच्या मुलाला कृत्याचा अर्थ कळण्याइतकी समज नसेल तर तेही अपराध नव्हे. हे जुन्या दंडसंहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. अठरा वर्षांखालील इतरांसाठी २०१५ चा बालन्यायाचा कायदा आहे. तो अशा मुलाला आरोपी म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जीभ वळणार नाही असा आहे, पण त्यामागचा विचार सरळ आहे: मुलाचे कायद्याशी भांडण झाले आहे, ते मिटवावयाचे आहे, मुलाला मोडावयाचे नाही. त्याला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे उभे करावे लागते. त्या मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी निदान एक स्त्री. मंडळ समज देऊ शकते, समुपदेशनास पाठवू शकते, लोकसेवेचे काम लावू शकते, आईबापांना दंड करू शकते, देखरेखीखाली घरी सोडू शकते, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवू शकते. दिल्लीच्या २०१२ च्या भीषण प्रकरणानंतर लोकक्षोभ झाला म्हणून सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, अपराध अति गंभीर असेल तर, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट या कायद्यात उघडली गेली. सारांश, कायद्यात काहीच नाही म्हणणाऱ्याने तो वाचलेला नाही, आणि पोराला उद्या तुरुंगात टाका म्हणणाऱ्यानेही नाही.

गरिबाचे पोर आणि कायदा यांचा संबंध जुना आहे, हेही जाता जाता सांगतो. १८५० साली उमेदवारांचा जो कायदा झाला त्यात भटक्या, किंवा किरकोळ अपराध केलेल्या दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला कारागिराकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला होता. कैदेऐवजी धंदा, ही कल्पना वाईट नव्हे. मात्र त्या कारागिराच्या घरी पोराला कोण छळतो हे पाहावयास कोण जाणार, याचा विचार फारसा झाला नाही.

तोच प्रश्न २०१७ साली आमच्या दारात आला. एका कारखान्यात खेड्यातून आलेला सतरा वर्षांचा एक उमेदवार होता. बोलताना तो अडखळे. त्याच्याच वयाची, पण वर्षभर आधी लागलेली तीन पोरे त्याच्याकडून डबे घासून घेत, विद्यावेतनातून चहापाणी काढीत, त्याच्या बोलण्याची नक्कल करीत. पाळी संपली की कपड्यांवरची धूळ उडविण्यासाठी कामगार अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. खरे म्हणजे मारू नये, पण मारतात. एका संध्याकाळी त्या तिघांनी त्याला धरून नळी नको तिथे लावली. त्या दाबाने आतडे फाटते. ही ‘गंमत’ आपल्या देशात कित्येक कामगारांच्या जिवावर बेतलेली आहे. हा पोरगा वाचला, शस्त्रक्रिया होऊन वाचला.

तिघांतला म्होरक्या आमच्या युनियनच्या कमिटीतल्या एका सभासदाचा मुलगा. बाप रात्री घरी आला. म्हणाला, “भाऊ, पोराचं आयुष्य जाईल. तुम्ही शब्द टाका.” आम्ही टाकला. दवाखान्यात जाऊन त्या पोराच्या आईला म्हणालो, “ताई, औषधपाण्याचं सगळं आम्ही बघतो, मिटवून घ्या.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “भाऊ, मिटवायला आलात. माझ्या पोराला काय झालं ते कुणी विचारलं का?” आम्ही विचारले नव्हते. सात महिने चाललेल्या छळाची हकीकत आम्हांस त्या दिवशी प्रथम कळली. प्रकरण मंडळापुढे गेले ते त्या बाईच्या हट्टामुळे, आमच्यामुळे नव्हे.

मंडळाने म्होरक्याला देखरेखीवर सोडले आणि एका इस्पितळात सेवेचे काम लावले. आज तो फिटर आहे, काम चोख करतो. तो तुरुंगात गेला असता तर काय झाला असता याची आम्हांस थोडी कल्पना आहे, कारण संपाच्या निमित्ताने आम्हीही आत राहून आलो आहो. तिथे दांडगाईचे पदव्युत्तर शिक्षण फुकट मिळते. आणि आत जातात कोण? वकील न परवडणारे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका सधन घरच्या अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोघे मेले तेव्हा जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता; लोक खवळले ते योग्यच होते. परंतु त्या संतापात कायदा कडक केला, तर त्याची धार आधी झोपडपट्टीतल्या पोराच्या मानेला लागते, बंगल्यातल्या नाही.

तरीही, ज्याचे आतडे फाटले तो पोरगा गावी गेला तो परत आला नाही. त्याचा धंदा सुटला. म्होरक्या सुधारला हे सांगून त्याची भरपाई होत नाही. म्हणून ‘मिटवून घ्या’ हा आमचा सल्ला तुरुंगाइतकाच वाईट होता असे आम्ही आज म्हणतो. शरीराला गंभीर इजा, लैंगिक अत्याचार, जातीवरून केलेला अपमान, पैशाची लूट, ही प्रकरणे मंडळापुढे गेलीच पाहिजेत, बाप कोणीही असो. बाकीची शाळेत, कारखान्यात तिथल्या तिथे निकालात काढावीत, पण पद्धतीने. १९४६ च्या कायद्याने कारखान्यांत स्थायी आदेश आले, त्यापूर्वी मुकादम म्हणेल ती पूर्व दिशा असे. आरोप लेखी द्यावा, उत्तरास मुदत द्यावी, साक्षी घ्याव्यात, शिक्षा अपराधाच्या मापाची असावी, हे कामगाराने झगडून मिळविले. शाळेत मात्र अजून कुठे छडीची आठवण काढतात, कुठे दाखला हातात देतात. वास्तविक २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला मारणे वा त्याचा मानसिक छळ करणे मना आहे, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला शाळेतून काढताही येत नाही.

फ्रान्सने २०२२ च्या मार्चमध्ये शाळेतला छळ हा स्वतंत्र फौजदारी अपराध केला: तीन वर्षांपर्यंत कैद, आणि छळामुळे मुलाने जीव दिला किंवा तसा प्रयत्न केला तर दहा वर्षांपर्यंत, अल्पवयीनांस ती कमी होते. आम्हांस त्याहून आपल्या राज्याचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा अधिक शहाणा वाटतो. त्यात छळणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, त्याची चर्चा सगळे करतात. पण त्यात आणखी एक कलम आहे. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची, आणि त्याने दुर्लक्ष केले तर त्याने अपराधाला चिथावणी दिली असे धरावयाचे. पोर दांडगे होते ते कोणीतरी मोठा माणूस तोंड फिरवतो म्हणून. त्याला प्रथम उभे करा, मग पोराकडे वळा.

आमच्या त्या प्रकरणात सात महिने सगळे डोळ्यांसमोर पाहणाऱ्या सुपरवायझरला कोणी काही विचारले नाही. त्याला पुढे बढती मिळाली. कॉम्प्रेसरच्या नळीला आता पाळी सुटताना कुलूप लागते. ते लावावे अशी मागणी कामगारांनी त्या प्रसंगाच्या दोन वर्षे आधी लेखी दिली होती. तिची पोच आमच्या फायलीत आहे.