चुलीखाली काय आहे, तेही पाहा

ताईंनो, दसऱ्या-दिवाळीपासून आपल्या घरात कापूस येतो. भाव चढेल या आशेनं तो बऱ्याच घरी संक्रांतीपर्यंत, कधी त्याच्याही पुढं पडून राहतो. त्याच घरात पऱ्हाटी नि तुराट्यांवर चूल पेटते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, गॅस घरात आला. तरी अंघोळीचं पाणी, भाकरी नि मजुरांचा स्वयंपाक पुष्कळ घरी आजही चुलीवरच होतो. म्हणून चुलीइतकंच लक्ष चुलीखालच्या जागेकडं द्यायला पाहिजे.

चुलीखालच्या थराला दोन कामं असतात. एक, खाली जाणारी आच अडवायची. दुसरं, बाहेर पडलेला निखारा झेलायचा. वस्तू नुसती 'जळत नाही' एवढ्यानं भागत नाही. टिनाचा पत्रा जळत नाही, पण तापतो. त्याच्याखाली चटई, प्लायवूड किंवा प्लास्टिकची मॅट असली तर ती पेटू शकते.

काय नको?

- घरकुलातली चकचकीत टाईल: एकाच जागी तापली की तडकते. शहाबादी फरशीचंही तसंच.
- नाल्यातले ओले दगड: आतलं पाणी तापून दगड फुटतो, तुकडे उडतात.
- जुने सिमेंटचे पत्रे: त्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असतं. तुटल्यावर उडणारी धूळ फुफ्फुसाला घातक आहे.
- नुसती काळी माती: वाळली की भेगा पडतात नि निखारे भेगांत जाऊन बसतात.

काय चांगलं?

मातीची जमीन असेल तर पांढऱ्या मातीचा ओटा करून वरून सारवा. भेग दिसली की लगेच बुजवा.

टाईल किंवा फरशी असेल तर आधी इंचभर कोरडी रेती पसरा. त्यावर भाजलेल्या विटा आडव्या, एकमेकींना चिकटून बसवा. फटी मातीनं भरा. लोखंडी, उचलायची चूल असेल तर तिचे पाय या विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते.

मापही लक्षात ठेवा. मागं नि दोन्ही बाजूंना अर्धा फूट, चुलीच्या तोंडासमोर मात्र दीड फूट. पऱ्हाटी लांब असते. अर्धी जळली की पेटतं टोक मोडून समोरच पडतं. फूटभर रुंद नि फूटभर लांब चुलीला ९ इंची २२ ते २४ विटा पुरतात.

ओटा बरोबर झाला का, हे असं तपासा: तासभर चूल पेटू द्या. मग कडेची एक वीट उचलून खालची फरशी हातानं पाहा. हात ठेववत नसेल तर विटांचा आणखी एक थर द्या. तापलेल्या ओट्यावर पाणी मात्र ओतू नका.

कापूस नि राख

ज्या खोलीत कापूस, त्या खोलीत चूल नको. घर एकाच खोलीचं असेल तर चूल पडवीत न्या. कापसाला लागलेली ठिणगी लगेच दिसत नाही. ती गंजीच्या आत तासन्‌तास धुमसते नि मध्यरात्री भडकते. आपण झोपेत असतो.

राखेतही निखारा सकाळपर्यंत जिवंत राहतो. म्हणून गरम राख उकिरड्यावर किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ टाकू नका. लोखंडी घमेल्यात काढा, वर झाकण ठेवा, दुसऱ्या दिवशी टाका.

कुणाला भाजलंच तर त्या जागेवर साधं गार पाणी २० मिनिटं सोडा. टूथपेस्ट किंवा शाई लावू नका. जखम मोठी असेल तर १०८ ला फोन करा.

या आठवड्याच्या बैठकीत हिशोब झाला की एकमेकींना विचारा: तुझ्या चुलीखाली काय आहे, नि कापूस कुठं ठेवला? जिच्याकडं एकटीनं विटा-रेती आणणं होत नाही, तिच्या घरी चौघी मिळून जा. काम अर्ध्या दिवसाचं आहे, नि घरात वर्षभराची कमाई ठेवलेली आहे.