रांग, फॅट आणि काळा पडदा

पहाटे ५.४५
दूध संस्थेत पोचलो तेव्हा कॅनची रांग पायरीखाली उतरली होती. टेबलावरचा संगणक जुना. माऊस नाही, डेबियनचा नुसता काळा पडदा. नोंदीचा फॉर्म मीच दोन महिन्यांपूर्वी 'डायलॉग' वापरून करून दिला होता: उत्पादक क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. आज नोंदी करणाऱ्या ताईंच्या मागं उभं राहून फक्त बघायचं होतं.

म्हशीच्या दुधाचा फॅट ६.५. घाईत टिंब राहिलं, ६५ पडलं. फॉर्मनं ते निमूट घेतलं. ताई पुढच्या कॅनकडे वळल्या आणि मग माझ्या स्क्रिप्टनं चूक दाखवून अख्खा फॉर्म परत समोर आणला.

"सर, चुकलं की तिथल्या तिथं सांगाय नको? मी दुसऱ्या माणसाकडं वळले की ह्यो मागनं ओरडतोय."

तासाभरात असं चार वेळा झालं. फॅटवर दर ठरतो. एक टिंब म्हणजे कुणाचे तरी पैसे.

सकाळी ८.३०
घरी चहा घेऊन बसलो. ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. डायलॉग हा स्वतंत्र प्रोग्राम आहे. शेल त्याला बोलावतं, तो खिडकी उघडतो, माणूस उत्तर देतो आणि संपतो. ठीक म्हटलं तर ०, रद्द केलं तर १, एस्केप दाबलं तर २५५, एवढा निरोप मागं ठेवतो. खिडकी उघडी असताना मधे बोलायची सोय नाही. 'डायलॉगआरसी' फाइलीत कळा बदलता येतात, पण रकाना सोडतानाच आकडा तपासणं त्यातून होत नाही. रास्पबेरी पायच्या सेटिंगमध्ये दिसणाऱ्या 'व्हिपटेल'मध्ये तर बहुरकानी फॉर्मच नाही. चार रकान्यांच्या चार वेगळ्या खिडक्या केल्या तर प्रत्येक आकडा लगेच तपासता येईल, पण आधी टाकलेलं डोळ्यासमोरून जातं आणि दर उत्पादकामागे पडदा चार वेळा लुकलुकतो.

१०.००
मग खाली उतरायचं किती? अगदी तळाला 'कर्सेस' ही लायब्ररी आहे. केन अरनॉल्ड यांनी ती बर्कलीत लिहिली आणि 'रोग' हा खेळ तिच्यावरच उभा राहिला. अक्षर कुठं उमटेल, बॅकस्पेसनं काय पुसलं जाईल, सगळं आपल्या हातात. म्हणजे सगळं आपल्याच डोक्यावर. मात्र तिच्या आजच्या रूपाबरोबर, 'एनकर्सेस'बरोबर, फॉर्मची वेगळी लायब्ररी येते. तिथं फॅटच्या रकान्याला अंकांचा प्रकार लावून किमान-कमाल मर्यादा देता येते. आकडा मर्यादेबाहेर असेल तर कर्सर रकाना सोडतच नाही. मला एवढंच हवं होतं. पायथनच्या कर्सेसमध्ये ही फॉर्म लायब्ररी नाही, म्हणून सी भाषा घेतली.

दुपारी १.३०
शेवटचा रकाना रिकामा यायला लागला. पडद्यावर आकडा दिसतो, प्रोग्रामला मिळत नाही. जेवण निवून गेलं. कारण साधं निघालं: तपासणीची आज्ञा दिल्याशिवाय चालू रकान्यातला मजकूर त्याच्या साठ्यात उतरत नाही. उतरल्यावरही शेपटाला मोकळ्या जागा असतात, त्या छाटाव्या लागतात.

नंतर प्रोग्राम मधेच कोसळला आणि टर्मिनल मुकं झालं. टाइप केलेलं दिसेना. डायलॉग वापरताना ही काळजी मला कधी करावी लागली नव्हती. भर रांगेत ताईंवर ही वेळ येऊन चालणार नाही. म्हणून प्रोग्राम कसाही संपला तरी बाहेरची स्क्रिप्ट टर्मिनल पूर्ववत करेल, अशी व्यवस्था केली. तिच्यावर मी फॉर्मपेक्षा जास्त वेळ घालवला आणि तो घालवायलाच हवा होता.

४.००
रकान्यांची नावं मराठीत करायची फार इच्छा होती. पण लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं जुळवणारं तिथं कोणी नाही. रोमन अक्षरंच ठेवली. मनाला लागलं.

बाकीचे मेनू, म्हणजे दहा दिवसांचं बिल, बॅकअप, तारीख निवडणं, डायलॉगमध्येच राहू दिले. ते कधीतरी एकदा दाबायचे असतात, आणि तिथं तयार खिडकीइतकं भरवशाचं मला काही लिहिता येणार नाही.

संध्याकाळी ६.१५
नवा फॉर्म चालू केला. सातव्या कॅनला पुन्हा ६५ पडलं. ताईंनी एंटर दाबलं, कर्सर जागचा हलला नाही. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, टिंब टाकलं, पुन्हा एंटर दाबलं आणि मान वर न करताच म्हणाल्या, "या पुढं, कुणाचा नंबर?"