वारी सरल्यावरची वाट

पुण्यामुंबईची मंडळी हल्ली हौसेने पायी हिंडतात. कोणी रोज पर्वती चढतो, कोणी रविवारी सिंहगड गाठतो. अशांनी एकदा दिवाळीनंतर अकलूजहून बोरगावपर्यंत चालून पाहावे. वाट तुकोबांच्या पालखीचीच. पण आषाढातली गर्दी ओसरलेली असते, म्हणून भोवतालचा मुलूख दिसतो.

देहूहून निघालेली पालखी पुण्याच्या गजबजाटातून जाते, रोटीचा उजाड घाट चढते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण घेते आणि सराटीला नीरास्नान उरकून सोलापूर जिल्ह्यात शिरते. नदीपलीकडे अकलूज, मग माळीनगर, मग श्रीपूर. दुतर्फा पुरुषभर उंच ऊस! एके काळी हा माळशिरसचा कोरडा माळ होता. १९२८ साली भाटघरचे धरण पुरे झाले. पुढे नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी फिरले आणि माळाचे मळे झाले. सासवडचे माळी बागाइतदार येऊन राहिले, ते माळीनगर. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली काढलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना उभा राहिला तो श्रीपूरला. आज तिथे पांडुरंग सहकारी कारखाना आहे. मोटारीतून जाणाऱ्याला फक्त मळीचा वास येतो, आणि तो काच वर करतो.

चालणाऱ्याला मात्र माणसे भेटतात. गळीत सुरू झाले की बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात, पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. मराठीच्या मास्तराच्या कानात इथला एक शब्द अडकतो: 'कोयता'. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. माणसे कोणी मोजीत नाही. झुंजुमुंजू व्हायच्या आत ही जोडपी फडाकडे चालू लागतात. पुढे पुरुष, मागे बाई, तिच्या कडेवर मूल.

पालखीमार्गाच्या रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरात झाली. वारकऱ्यांसाठी दोहों बाजूंना स्वतंत्र पायवाट योजली, हे उत्तमच झाले. पण पालखी इथून वर्षातून एकदा जाते. हंगामभर पहाटेच्या काळोखात याच रस्त्याने ही कुटुंबे चालतात. शेजारून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धडधडत जातात, आणि कित्येक बैलगाड्यांच्या मागे साधी लाल चकतीही नसते. गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ऐकू येतात त्या बैलांच्या घुंगरमाळा.