कोष्टकातील रिकामी जागा



तुम्ही शाळेत प्रथम आलात त्या दिवशी तुमच्या पालकांनी एक अर्ज भरून दिला. नाव, जन्मतारीख, गाव, मातृभाषा, घरापासून शाळेचे अंतर अशी माहिती त्यात असते. असे शेकडो अर्ज एकामागून एक वाचू लागल्यास मन गोंधळून जाते. परंतु हीच माहिती उभ्या रकान्यांत व आडव्या ओळींत मांडली की तिचा अर्थ ध्यानात येऊ लागतो. या मांडणीस कोष्टक म्हणतात. प्रत्येक ओळ एका विद्यार्थ्याची आणि प्रत्येक रकाना एका प्रकारच्या माहितीचा, हा तिचा साधा नियम होय.

मात्र सर्व रकाने एका जातीचे नसतात. वय आणि अंतर हे संख्यांचे रकाने आहेत; त्यांची बेरीज करता येते, सरासरी काढता येते. मातृभाषा आणि गाव यांचे तसे नाही. मराठी आणि गोंडी यांची सरासरी कोणी काढावी? तेथे आपण एवढेच विचारू शकतो की, कोणत्या वर्गात किती जण आहेत. अशा रकान्यास आपण वर्गवाचक रकाना म्हणू. आपल्या उकव्याच्या खाणीतून निघणाऱ्या मॅंगनीजचेच उदाहरण घ्या. खनिजाचे वजन ही संख्या आहे. पण त्याची प्रत उच्च, मध्यम की कनिष्ठ, हा वर्ग आहे.

आज अशी कोष्टके संगणकावर तयार करतात. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ज्या भाषा वापरतात त्यांपैकी एकीचे नाव केवळ एका अक्षराचे आहे: ‘आर’. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या दोन अध्यापकांनी ती रचली. दोघांच्याही नावांचे आद्याक्षर तिला मिळाले. ती कोणासही विनामूल्य वापरता येते. या भाषेत कोष्टकास ‘डेटा फ्रेम’ आणि वर्गवाचक रकान्यास ‘फॅक्टर’ म्हणतात.

फॅक्टरची घडण मोठी चतुराईची आहे. त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे वर्गांची यादी. दुसरा म्हणजे प्रत्येक ओळीसाठी त्या यादीतील क्रमांक. यंत्र ‘मराठी’ हा शब्द पुनःपुन्हा लिहून ठेवीत नाही. तो यादीत कितवा आहे तेवढेच टिपून ठेवते. हे क्रमांक तुमच्या हजेरीपटातील क्रमांकांसारखे केवळ ओळखीचे असतात. बारावा विद्यार्थी सहाव्याच्या दुप्पट नसतो, हे सांगावयास नकोच!

येथे दोन सापळे आहेत. पहिला क्रमाचा. आपण काही सांगितले नाही तर यंत्र वर्गांची यादी वर्णानुक्रमे लावते. खनिजाच्या प्रतींचा क्रम मग उच्च, कनिष्ठ, मध्यम असा होतो आणि मध्यम बिचारे कनिष्ठाच्याही मागे जाऊन बसते. योग्य क्रम कोणता, हे माणसानेच सांगावे लागते. दुसरा सापळा क्रमांकांचा. समजा, अंतराच्या रकान्यात १२, २ आणि ५ किलोमीटर असे आकडे आहेत, परंतु कोणी एका ओळीत ‘ठाऊक नाही’ असे लिहिले. त्या दोन शब्दांमुळे सारा रकाना शब्दांचा समजला जातो. त्याचा फॅक्टर झाला की वर्ग अक्षरांच्या क्रमाने लागतात: आधी १२, मग २, मग ५. पुढे त्याचे पुन्हा संख्यांत सरळ रूपांतर केले, तर अंतराऐवजी यादीतील क्रमांक हाती येतात. बारा किलोमीटर पायपीट करणारा मुलगा कागदावर एक किलोमीटरवर राहू लागतो! २०२० पर्यंत ‘आर’ भाषा कोष्टक करताना शब्दांचे रकाने आपण होऊन फॅक्टर करीत असे, त्यामुळे ही चूक अनेकांच्या हातून होई. त्या वर्षीच्या चौथ्या आवृत्तीपासून ती सवय मोडण्यात आली.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. वर्गातील मुलांच्या मातृभाषांचे कोष्टक करावयाचे मी ठरविले. उत्तरे गोळा होण्यापूर्वीच मी वर्गांची यादी लिहून टाकली: मराठी, हिंदी, पोवारी आणि, माझी स्वतःची म्हणून, कोंकणी. मग उत्तरे भरली व यंत्राकडून मोजदाद करून घेतली. कोंकणीपुढे शून्य आले. त्याचे मला नवल वाटले नाही. यादीतील वर्गात कोणी नसले तरी त्याची जागा राखून ठेवणे, हा फॅक्टरचा चांगला गुणच आहे. परंतु एकूण बेरीज चाळीस आली आणि मुले तर एकेचाळीस होती. मी दोनदा मोजले. तेव्हा मागच्या बाकावरील एक मुलगी उठून हलक्या आवाजात म्हणाली, “सर, यात मी कुठे आहे?”

तिने ‘गोंडी’ असे लिहिले होते. माझ्या यादीत तो शब्द नव्हता. यादीबाहेरचे उत्तर आले की यंत्र त्या ठिकाणी रिकामी जागा ठेवते, आणि मोजदाद करताना, मुद्दाम सांगितल्याशिवाय, रिकाम्या जागा मोजीत नाही. त्याने कुरकूरही केली नाही. ज्या वर्गात कोणी नव्हते त्या माझ्या भाषेसाठी मी ओळ राखली होती आणि समोर बसलेल्या मुलीच्या भाषेसाठी राखली नव्हती. दोष यंत्राचा नव्हता. यादी माझी होती.

जे चाळीस मुलांच्या वर्गात घडते ते देशाच्या पातळीवरही घडू शकते. २०११ च्या जनगणनेत मातृभाषेच्या प्रश्नास मिळालेल्या उत्तरांत १९,५६९ निरनिराळी नावे होती. एकच भाषा कोणी एका प्रकारे लिहिते, कोणी दुसऱ्या. तेव्हा छाननी अवश्यच होती. छाननीअंती १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि १,४७४ नावे ‘इतर’ या वर्गात गेली. पुढे दहा हजार किंवा अधिक लोक बोलतात अशा मातृभाषांचे १२१ भाषांत गट पाडण्यात आले. आपल्या बालाघाट जिल्ह्यात घरोघरी ऐकू येणारी पोवारी या कोष्टकात हिंदीच्या गटात आहे. ती सांगणारे ३,२५,७७२ लोक हिंदीच्या सुमारे ५२ कोटी ८३ लाखांत मिळालेले आहेत. तपशिलाचा तक्ता उघडणाऱ्यासच ते दिसतात.

माझ्या कोंकणीची कथा उलट दिशेची आहे. ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या खंडात ती मराठीची बोली म्हणून नोंदली गेली. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र मानले, १९९२ साली ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली आणि २०११ च्या कोष्टकात २२,५६,५०२ भाषकांसह तिची स्वतंत्र ओळ आहे. घरात आई हाक मारते ते शब्द बदलले नाहीत. बदलली ती वर्गांची यादी.

यावरून वर्ग पाडणेच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. वर्ग पाडल्यावाचून मोजता येत नाही, आणि मोजल्यावाचून कोणत्या गावास शाळा हवी, कोणत्या भाषेत पुस्तक हवे, हे कळत नाही. आपण एवढेच करावे: आधी उत्तरे ऐकावीत, मग यादी करावी, मूळ उत्तरांची वही जपून ठेवावी, एकूण बेरीज समोरच्या माणसांशी ताडून पाहावी, आणि ‘इतर’ असा शब्द दिसला की त्यात कोण कोण आहे, हे विचारावे.

त्या दिवशी मी यादीत पाचवा शब्द लिहिला व मोजदाद पुन्हा केली. गोंडीपुढे एक आणि एकूण एकेचाळीस. तो तक्ता मी वर्गाच्या भिंतीवर लावला. कोंकणीपुढचे शून्यही तसेच राहू दिले. कारण मोजदाद विद्यार्थ्यांची होती, आणि गुरुजींनी स्वतःला त्यात मोजून घेणे नियमाला धरून झाले नसते!