पुण्याच्या छावणीतला खेळ

मागच्या महिन्यात गटाचा माल घेऊन आम्ही सहाजणी पुण्याला मार्केट यार्डात गेलो होतो. माल लवकर खपला, टेम्पोला दोन तास होते. गाळ्यांमागच्या मोकळ्या जागेत दोन पोरं बॅडमिंटन खेळत होती. आमच्यातल्या एक काकू बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सातवीत मी यात पहिली आले होते. लग्नानंतर रॅकेट हातात धरली नाही." पोरांनी रॅकेट दिली, काकूंनी पदर खोचला. पण थोड्या वेळात 'आऊट', 'नाही आऊट' सुरू झालं. नियम कुणालाच धड माहीत नव्हते. म्हणून आज हा विषय.

गंमत म्हणजे या खेळाचं एक जुनं नावच 'पूना' आहे. पिसांचं फूल फळीने उडवत ठेवायचा खेळ कितीतरी देशांत होता, पण जाळी नव्हती. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी मध्ये जाळी बांधून तो खेळू लागले, आणि 1870 च्या दशकात इथेच त्याचे नियम लिहिले गेले. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडला नेला. तिथे एका सरदाराच्या 'बॅडमिंटन हाउस' वाड्यावर तो गाजला आणि वाड्याचंच नाव खेळाला चिकटलं. पुण्याचं नाव मागे पडलं!

आता नियम. मैदान 44 फूट लांब. रुंदी जोडीने खेळताना 20 फूट, एकेरीत 17. जाळी मध्यभागी 5 फूट उंच. सर्व्हिस खालून, तिरपी, समोरच्या चौकोनात करायची. आपले गुण सम असतील तर उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. फूल रेषेवर पडलं तर ते आतच धरतात. म्हणजे त्या दिवशी काकूंचंच खरं होतं. फूल जाळीत अडकलं, बाहेर गेलं, अंगाला लागलं, किंवा खेळताना जाळीला हात लागला, तर गुण समोरच्याला.

2006 मध्ये आलेल्या पद्धतीत गेम 21 गुणांचा, तीनपैकी दोन जिंकायचे. 20-20 झाले तर दोन गुणांची आघाडी लागते, पण 29-29 नंतर तिसावा गुण घेईल तो जिंकला. त्याआधी पुरुषांचा गेम 15 चा आणि बायकांचा एकेरीचा 11 चा असे. बायका दमतात असं कुणाला वाटलं कोण जाणे! शेतावर येऊन बघायला हवं होतं.

आणि बायकांनी हा खेळ खूप आधी गाजवलाय. पुण्याचे क्रिकेटपटू प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिघी मुली 1940 च्या दशकात देशातल्या अव्वल खेळाडू होत्या. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी 1956 मध्ये मलायात स्पर्धा जिंकली. परदेशात असं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय.

वाऱ्यात पिसांचं फूल भरकटतं, म्हणून गावात प्लास्टिकचं बरं. जाळी नसेल तर दोरीवर जुनी साडी टाकली तरी चालतं.

आमच्या गटात मात्र अजून वाद आहे. व्याजाच्या पैशातून दोन रॅकेट घ्याव्यात असं काकूंनी सुचवलं, दोघी म्हणाल्या, "खेळावर पैसा कशाला?" शुक्रवारच्या बैठकीत हात वर करून ठरवायचं आहे. काकूंनी अंगणात चुन्याने रेषा मात्र आधीच आखून ठेवल्यात.